चाराचे तीन

आमच्या वस्तीत कुणाच्याही घरात जा आणि शेगडीवरच्या पातेल्यात डोकावून बघा. काठापासून चार बोटं खाली, आतल्या अंगाला, खिळ्यानं मारलेला आडवा ओरखडा दिसेल. करंगळीएवढा लांब. नवं पातेलं विकत आणलं की ते आधी उकळबाईंच्या दारात जायचं. ओरखडा पडला की मगच त्यात पाणी पडायचं.

उकळबाई हे नाव वस्तीनं ठेवलेलं. बाई सरकारी दवाखान्यातल्या नर्स. बदली होऊन आल्या तेव्हा वय सव्वीस, काखेत एक पेटी, आणि मागून बोचकं घेऊन येणारा नवरा. आल्या त्या परत गेल्याच नाहीत. बदलीचे कागद दोनदा आले. दोन्ही वेळा बाईंनी ते परत पाठवले. का, तर म्हणे इथल्या बायकांना अजून उकळता येत नाही.

वस्ती तळाला लागून. आमच्या बोलीत तळ म्हटलं की तीन गोष्टी निघतात: भांड्याचा तळ, विहिरीचा तळ आणि लष्कराचा तळ. पहिले दोन वाकून बघितले की दिसतात. तिसऱ्याचं नुसतं तारेचं कुंपण दिसायचं, आणि आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरघरत उतरणारी विमानं.

बाई आल्या त्याच वर्षी हगवण आली. कागदावर अतिसार लिहितात. आम्ही हगवण म्हणतो. रोग कुठून बाहेर पडतो ते शब्दात ऐकू आलं पाहिजे. आठवड्यात तीन लेकरं गेली. त्यातलं एक शिवणवालीचं, दीड वर्षाचं. शिवणवाली म्हणजे कोपऱ्यावरच्या घरात मशीन चालवणारी. तिच्या घरावरून जाताना खडखड ऐकू आली नाही तर लोक विचारायचे, बरी आहे ना? त्या आठवड्यात मशीन बंद होतं आणि कुणी विचारलं नाही.

बाई घरोघर फिरून सांगायच्या, पाणी उकळून प्या. लोक म्हणायचे, उकळतो की. बाई बोट बुडवून बघायच्या, तर पाणी लेकराला न्हाऊ घालण्याइतकं कोमट. लोक खोटं बोलत होते असंही नाही. उकळणं म्हणजे काय ह्यावरच वस्तीत एकमत नव्हतं. कुणाच्या लेखी वाफ दिसली की उकळलं. कुणाच्या लेखी तळाला मुंगीएवढे बुडबुडे धरले की उकळलं. आणि निवांतच्या लेखी शेगडीशेजारी ठेवलं की उकळलं. निवांत हा एकटा राहणारा गवंडी. अर्धी भिंत बांधून उरलेली उद्यावर टाकणारा, म्हणून निवांत.

शेवटी बाईंनी शिवणवालीच्या रिळातला दोरा मागितला. तिच्या पातेल्यात तळापासून काठापर्यंत दोरा धरला, तोडला, एकदा दुमडला, पुन्हा दुमडला. झाल्या चार घड्या. वरची एक घडी सोडून पातेल्याच्या आत खिळ्यानं ओरखडा मारला.

"काठोकाठ भरायचं आणि पाणी ह्या रेघेवर येईपर्यंत शेगडीवरून उतरवायचं नाही," बाई म्हणाल्या. "चाराचे तीन झाले पाहिजेत. मग मला सांगायची गरज नाही, उकळलं का नाही उकळलं. पातेलंच सांगेल."

"एवढं आटवायचं?" शिवणवालीनं विचारलं. "सरपण काय फुकट येतं?"

"नसेल आटवायचं तर नको आटवूस," बाई म्हणाल्या. "पण मग मला दारात बोलावू नकोस."

खरं तर एक सणसणीत उकळी पुरते, हे बाईंना ठाऊक होतं. पण उकळीला साक्षीदार नसतो, रेघेला असतो. त्या वर्षी बाईंनी ऐंशी-पंच्याऐंशी पातेल्यांना रेघा मारल्या. मग त्या कधीही यायच्या, झाकण उचलायच्या, रेघ बघायच्या आणि पाणी रेघेच्या वर दिसलं तर सासू बसलेली असो नाहीतर पाहुणे, तिथेच धुलाई. नणंदेनं वहिनीची करावी तशी खरपूस. पण पुढे पस्तीस वर्षं वस्तीतलं एकही लेकरू हगवणीनं गेलं नाही. लोक बाईंना भ्यायचे, पाठीमागे उकळबाई म्हणून हसायचे आणि पाणी मात्र रेघेवर आणायचे. निवांत सोडून.

बाईंचा नवरा तळावर आगीच्या बंबावर कामाला होता. दर बुधवारी तिथे सराव. एका मोठ्या खड्ड्यात विमानाचा जुना सांगाडा पेटवायचा आणि पाइपानं फेस मारून विझवायचा. फेस म्हणजे असा, की खड्डा भरून उतू जायचा, वाऱ्यानं कुंपणावरून आमच्याकडे यायचा, आणि आम्ही पोरं त्यात गुडघाभर नाचायचो. खड्ड्याला खाली सिमेंट नव्हतं. फेस बसला की मातीच तो पिऊन टाकायची. खड्ड्यापासून आमची विहीर चारशे पावलं, उताराच्या बाजूला. विहिरीचं पाणी टाकीत, टाकीतून नळाला.

नवरा घरी आला की बुटातून फेस निघायचा. बाई त्याला दाराबाहेर पाय धुवायला लावायच्या.

"अगं, साबणच तो," तो म्हणायचा. "उलट पाय स्वच्छ होतात."

"कुणी सांगितलं?"

"साहेबानं."

"साहेब घालतो का त्यात पाय?"

"साहेबाचे पाय आधीच स्वच्छ असतात," तो म्हणायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं. बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. नवऱ्याचं एक मूत्रपिंड त्याच्या पुढच्या वर्षी काढलं. डॉक्टरनं विचारलं, कामावर कसली रसायनं होती का? हा म्हणाला, नाही हो, साबण होता.

त्यानंतर दोन वर्षांनी दवाखान्याच्या भिंतीवर कागद लागला. तळाच्या परिसरात 'विशिष्ट घटकांचा आढळ' असल्याची शक्यता पाहता 'खबरदारी म्हणून' पाण्याची तपासणी होणार. कागद वाचून निवांत म्हणाला, "आढळ म्हणजे काय? कोण आढळलंय? पाहुणा आलाय का?" जिथे विष लिहायचं तिथे आढळ लिहिलंय, एवढं कळण्याइतकं मराठी सगळ्यांना येत होतं.

कोण काय करणार ह्याची वाटणी तेव्हाच झाली होती. घटक म्हणजे बुधवारचा फेस. तो कुंपणाच्या आत असला तर लष्कराचा. जमिनीखालून कुंपणाबाहेर आला की पाणीखात्याचा. पोटात गेला की आरोग्यखात्याचा. आणि तिथून पुढे काही झालं तर ज्याचं त्याचं नशीब.

एका सकाळी गाडी आली. हातमोजे घातलेली तपासनीस पोरगी उतरली, बर्फाची पेटी आणि बाटल्या घेऊन. आधी विहिरीतून एक बाटली भरली, मग चाळीस घरं घेतली. तिच्या फॉर्मवर लिहिलं होतं 'पिण्याचे पाणी'. ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, "ताई, तुम्ही पिता ते पाणी ह्यात भरून द्या."

आता परकं माणूस दारात आलेलं. त्याच्या हातात नळाचं कच्चं पाणी द्यायचं? आमच्या बायकांच्या हाताला ते जमलंच नसतं. प्रत्येकीनं आत जाऊन पातेल्यातलं, रेघेवर आणलेलं, गार करून गाळलेलं पाणी बाटलीत भरलं. शिवणवालीनं तर बाटली बाहेरून पदरानं पुसून दिली. निवांतनं नळाखाली धरली.

सहा आठवड्यांनी आकडे आले. मर्यादा शंभर. ही मर्यादा आधी पन्नास होती, ती आमची विहीर तपासायच्या चार महिने आधी वाढवलेली. ते ऐकून शिवणवाली म्हणाली, "कपडा अंगाला बसला नाही तर मी कपडा उसवते. ह्यांनी टेपच ओढून लांब केली."

विहिरीचा आकडा एक्क्याण्णव. घरांचे आकडे मात्र एकशे अठरा, एकशे एकवीस, एकशे तेवीस, असे. खाली शेरा होता: विहिरीपेक्षा घरात आढळ जास्त असणे अशक्य, सबब नमुने घेताना चूक झाली असावी, घरगुती नमुने बाद, फेरतपासणी यथावकाश. यथावकाश हा सरकारी शब्द आहे. त्याचा आमच्या बोलीत अर्थ, मेल्यावर.

शिवणवाली तो कागद घेऊन बाईंकडे आली. "बाई, हे काय म्हणतात ते सांगा. आमच्या घरात कुणी विष कालवलं का?"

बाईंनी चष्मा लावला. घरांची यादी वरून खाली वाचली. खालून वर वाचली. एका आकड्यावर बोट थांबलं. निवांत: नव्वद.

"हा एकटाच कसा विहिरीएवढा?" शिवणवाली म्हणाली. "आळशाला देव पावतो म्हणतात ते खोटं नाही."

बाईंनी कागद ठेवून घेतला आणि तिला म्हणाल्या, उद्या सांगते. शिवणवाली गेल्यावर त्यांनी कागदाच्या पाठीवर हिशेब मांडला. एक्क्याण्णव चोक तीनशे चौसष्ट. भागिले तीन. एकशे एकवीस आणि वर थोडं.

त्यांनी तो तीनदा केला. गणित तेच राहिलं.

बाटल्यांच्या पावतीवर तपासनीस पोरीच्या प्रयोगशाळेचा फोन होता. बाईंनी तो लावला. "पोरी, एवढंच सांग. पाणी उकळलं तर हे तुमचं जे काय आहे ते जातं का?"

"नाही हो मावशी. ते नाही जात," पोरगी म्हणाली. "पाणी उडतं. ते राहतं."

"म्हणजे चाराचे तीन केले तर..."

"तर चारातलं सगळं तीनात येणार ना," ती म्हणाली, आणि मग तिलाही काहीतरी लागलं असावं, कारण तिनं लगेच विचारलं, "मावशी, तुमच्याकडे सगळे उकळतात का?"

"सगळे," बाई म्हणाल्या. "एक सोडून."

नवरा पलंगावर बसून हे ऐकत होता. बाईंनी फोन ठेवला तसा म्हणाला, "काय झालं नर्सबाई? कुणाचा ताप वाढला?"

बाईंनी सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी फेस मारला आणि तू तो आटवून पाजलास. जोडा बरा जमलाय आपला."

"थट्टा सुचते तुम्हाला."

"मग काय करू? एकच मूत्रपिंड आहे, रडण्यात पाणी घालवायचं नाही म्हणतो डॉक्टर." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सांगणार आहेस का?"

"सांगितलं नाही तर नमुने बाद होतात. यथावकाश."

"आणि सांगितलंस तर?"

"तर नमुने खरे ठरतात. मर्यादेच्या वर आहेत, खात्याला पाणी बदलून द्यावं लागेल."

"ते नाही विचारत मी. लोक तुला काय म्हणतील?"

बाई म्हणाल्या, "जे खरं आहे ते म्हणतील." पण ते म्हणताना त्यांनी पाणी प्यायला पेला उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्या शिवणवालीकडे गेल्या. नुसत्या दारातून ओरडून जाणाऱ्या बाई त्या दिवशी पायरीवर बसल्या. शिवणवालीची चार वर्षांची नात मशीनखाली चिंध्या गोळा करत होती. ह्या पोरीच्या आईला दूध नव्हतं. पहिल्या महिन्यापासून डब्याचं दूध, आणि ते कालवायला रेघेवरचं पाणी, दिवसातून आठ वेळा. त्या काळात शिवणवालीच्या पातेल्यात पाणी रेघेच्या वर कधी दिसलं नाही. उलट बोटभर खालीच. स्वतःचं दीड वर्षाचं लेकरू गेलेलं, त्यामुळे ती जास्तच आटवायची.

बाईंनी सगळं सांगितलं. आकडे, दोरा, चार, तीन. शिवणवाली मशीन चालवत ऐकत होती. ऐकता ऐकता बाहीची शिवण वाकडी गेली. तिनं पाय थांबवला, दोरा तोडला आणि बाही उसवायला घेतली.

"म्हणजे तेव्हा कच्चं पाजून एक घालवलं," ती म्हणाली, "आणि आता उकळून पाजलं ते हिला."

"हिला काही झालं नाहीये अजून."

"अजून," शिवणवाली म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "बाई, तुम्ही रेघ मारलीत तेव्हा मी सरपणाचं रडले होते. तेव्हाच भांडले असते तर बरं झालं असतं, नाही का?"

बाई उठल्या. शिवणवाली पाठीमागून म्हणाली, "ह्या आकड्यांवर खात्याची सुनावणी आहे ना, तिथे सांगा हे. माझं पातेलं न्या. पहिली रेघ त्यातच आहे."

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. टेबलामागे पाणीखात्याचा साहेब, त्याच्या शेजारी आरोग्यखात्याचा, आणि टोकाला तळावरून आलेला एक कॅप्टन, ज्याचं काम फक्त गोड बोलणं हे होतं. तो प्रत्येक वाक्य "आपण सगळे शेजारी आहोत" असं सुरू करायचा. मागून निवांत ओरडला, "मग कधी चहाला बोलावलं नाहीत ते!" सगळे हसले, कॅप्टनसुद्धा.

बाईंचं नाव पुकारलं. त्या पातेलं, दोऱ्याचं रीळ आणि पाण्याची बादली घेऊन पुढे गेल्या. टेबलावर साहेबांच्या कागदांमध्ये पातेलं ठेवलं. दोरा मापला, दोनदा दुमडला, रेघेला लावून दाखवला. मग बादलीतून काठोकाठ भरून पेल्या-पेल्यानं वरचं पाणी काढलं, रेघेपर्यंत.

"एवढं हवेत जातं," त्या म्हणाल्या. "तुमचा आढळ जात नाही, तो खाली राहतो. एक्क्याण्णवाचे एकशे एकवीस होतात. नमुन्यात चूक नाही साहेब. ह्या बायका जे पितात तेच त्यांनी तुम्हाला दिलं. मी शिकवलं तसं."

मग पाणीखात्याच्या साहेबानं उभं राहून पातेल्यात वाकून पाहिलं. रेघेवरून बोट फिरवलं. म्हणाला, "बाई, आमच्या तज्ज्ञांना जे सुटलं नाही ते तुम्ही सोडवलंत. फार मोठं काम केलंत."

"मग आता नमुने खरे धरणार ना?"

"धरणार. लेखी देतो."

टाळ्या वाजल्या. कॅप्टननं बाईंचा हात हातात घेतला. बाई परत येऊन नवऱ्याशेजारी बसल्या तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. नवरा कुजबुजला, "साहेब फार लवकर खूष झाला गं." बाई म्हणाल्या, "तुम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही."

अहवाल तीन महिन्यांनी आला. साहेब शब्दाला जागला होता. नमुने खरे धरले होते. अहवालात लिहिलं होतं की विहिरीचे पाणी मर्यादेच्या आत आहे. घरगुती नमुन्यांतील वाढीव आढळ हा 'रहिवाशांच्या पाणी अतिरिक्त उकळण्याच्या सवयीमुळे' असून तो पुरवठ्याशी संबंधित नाही. ही बाब 'सेवानिवृत्त परिचारिकेने स्वतः मान्य केली आहे'. सबब पुरवठा बदलण्याची आवश्यकता नाही. लष्कराकडे कारवाईची शिफारस करण्यास आधार नाही. उपाय म्हणून जनजागृती करावी.

चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच नव्हे. फाशीचा दोरही संन्याशाच्याच रिळातला.

जनजागृती म्हणजे पत्रकं. गुलाबी कागद, वर हसऱ्या बाईचं चित्र, खाली 'पाणी अनावश्यक उकळू नका'. गठ्ठा बाईंच्या घरी आला, सोबत आरोग्यखात्याची चिठ्ठी: आपल्यावर लोकांचा विश्वास असल्याने वाटप आपल्या हस्ते व्हावे. आणि खड्ड्याचं काय, तर दर बुधवारी तिथे पूर्वीसारखाच धूर निघत होता. नवा फेस आला म्हणतात, जुन्यापेक्षा चांगला. साबणासारखाच.

वस्तीचं वागणं कसं झालं, ते सांगायला जीभ जड होते, कारण त्यात आम्हीही होतो. कुणी शिव्या दिल्या नाहीत. पण बाई दिसल्या की बायका बोलणं थांबवायच्या. ज्यांच्या घरात कुणाला काहीही झालेलं होतं, गाठ, गर्भ पडलेला, केस गळलेले, सगळ्यांना आता रेघ आठवली. खाली मान घालून फेस मारणारं लष्कर कुणाला आठवलं नाही, कारण लष्कर कधी कुणाच्या घरात येऊन झाकण उचलत नसे. एका सकाळी बाईंच्या पायरीवर रेघ मारलेली सात पातेली पालथी घालून ठेवलेली होती. नवऱ्यानं ती मोजली आणि म्हणाला, "आहेर आलाय."

बाई कानस घेऊन बसल्या. सातही पातेल्यांतल्या रेघा घासून काढल्या. मग पातेली परत द्यायला घरोघर निघाल्या, आणि जाईल तिथे म्हणाल्या, आणा, तुमचीही पुसून देते. काहींनी दिलं. काहींनी दार लोटून घेतलं. शिवणवालीनं पातेलं छातीशी धरलं.

"ही नाही पुसायची," ती म्हणाली.

"अगं, तूच म्हणालीस..."

"मी म्हणाले, ते म्हणाले. तुमच्याशी माझं भांडण आहे, ते मी करीन माझ्या सवडीनं. पण ही रेघ पुसली की मग दाखवायला काय राहिलं? साहेबानं ह्या रेघेवर बोट फिरवलंय. पस्तीस वर्षं आम्ही काय प्यायलो ते ह्यात मोजून ठेवलंय. कानस घरी ठेवा तुमची."

बाईंनी मग कानस कमरेला खोचली आणि घरी आल्या. त्यानंतर त्यांनी एकही रेघ पुसली नाही.

दवाखान्याच्या भिंतीवर लागलेलं पत्रक मात्र काही घरांनी मनावर घेतलं. उकळू नका म्हटल्यावर सरपण वाचलं, वेळ वाचला, कुणाला नको होतं? दोन महिन्यांत हगवण आली. आधी टाकीजवळच्या घरात, मग ओळीनं. अजून कुणी गेलं नव्हतं, पण दवाखान्याच्या बाकावर लेकरं पडलेली. आरोग्यखात्याचा तोच साहेब गाडीतून उतरला, बाईंच्या दारात आला. हातात पिवळा गठ्ठा. चित्र तेच, हसरी बाई. खाली 'पाणी उकळूनच प्या'.

बाईंनी आतून गुलाबी पत्रक आणलं आणि दोन्ही त्याच्यासमोर धरली. "साहेब, सही एकच आहे. कोणतं आधी वाटू?"

साहेबानं दोन्हीकडे पाहिलं. "दोन्ही द्या," तो म्हणाला. "म्हणजे सूचना दिली नाही असं होणार नाही."

बैल गेला आणि झोपा केला, हे निदान एकदाच होतं. इथे झोपाही कागदाचा, तोही दोनदा.

साहेब गेला तोच शिवणवालीची सून धावत आली. नातीला सकाळपासून पाच वेळा झालं होतं. आजीनं पाठवलं होतं विचारायला. "बाई, आता सांगा. उकळू की नको?"

पस्तीस वर्षं ह्या प्रश्नाचं उत्तर प्रश्न संपायच्या आत यायचं. त्या दिवशी बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "उकळ. पण रेघेपर्यंत नको. सणसणीत उकळी फुटली की लगेच उतरव."

"सणसणीत म्हणजे किती?" सुनेनं विचारलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. हाच प्रश्न पहिल्या वर्षी होता. ह्याच प्रश्नासाठी त्यांनी दोरा दुमडला होता.

"चल," त्या म्हणाल्या.

त्या तिच्या घरी गेल्या, शेगडीसमोर उभ्या राहिल्या. पाण्यात डोळे घालून. मुंगीएवढे बुडबुडे आले, नाही. मसुराएवढे आले, नाही. मग सगळं पाणी एकदम उसळलं, तसं त्यांनी पातेलं उचललं आणि खाली ठेवलं. रेघेला अजून तीन बोटं होती. शिवणवालीनं आतून पाहिलं आणि नातीला पाजायला वाटी पुढे केली.

तेव्हापासून बाई रोज सकाळी निघतात. वय बासष्ट, गुडघे कुरकुरतात. ज्यांनी दार उघडलं त्यांच्या शेगडीसमोर उभ्या राहतात आणि उकळी फुटली की स्वतःच्या हातानं पातेलं उतरवतात. हगवण आवरली. एक्क्याण्णव आहे तिथेच आहे. ते बाईंच्या हातात नाही, आणि ज्यांच्या हातात आहे त्यांनी हात धुतलेत. काही दारं अजून उघडत नाहीत. बाई तिथेही थांबतात, झाकणाचा आवाज येतो का ऐकतात आणि पुढे जातात.

"पकड तरी घेऊन जात जा," नवरा म्हणतो. "रोज नवा चटका आणतेस."

पकड त्या नेत नाहीत. पिशवीत गुलाबी आणि पिवळी पत्रकं असतात. दोन्ही एकावर एक ठेवून चार घड्या घातल्या की पातेल्याचा काठ धरता येतो. एकटं गुलाबी पातळ पडतं.